पॉलीहाऊसमधला सेंद्रिय टोमॅटो: आधी पांढरी मुळी, मग फवारणी

नाशिक जिल्ह्यात टोमॅटो कुणाला शिकवायची गरज नाही. गिरणारे, दिंडोरी, चांदवड, निफाड, सिन्नर, कुठेही जा. जून-जुलैत लागवड आणि पावसाळा सरता सरता पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या थप्प्या, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पॉलीहाऊसमधला टोमॅटो मात्र वेगळं पीक समजूनच करावा. वर प्लॅस्टिकचा कागद चढला की पाऊस गेला, वारा गेला, मधमाशी गेली. उघड्या रानात ही तिघं आपलं काम फुकट करत होती. आता ते काम आपल्या अंगावर आलं.

हे लिखाण नवख्यांसाठी आहे. दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, आधीची फुलं किंवा ढोबळी मिरची काढून ते रिकामं झालंय, आता सेंद्रिय पद्धतीने टोमॅटो घ्यायचाय, आणि पहिला प्रश्न मनात आहे तो "फवारायचं काय?" हा. त्याचं उत्तर येईल, पण जरा पुढे. आधी कागद-पेन घ्या.

झाडाला लागतं किती?

दहा गुंठे म्हणजे ढोबळमानाने १,००० चौरस मीटर. रस्ते सोडून यात २,२०० ते २,४०० रोपं बसतात. झाडामागे चार-साडेचार किलो माल धरला तर दहा टन होतात. पहिल्या वर्षी एवढंच लक्ष्य ठेवा. यूट्यूबवर दिसणारे आकडे तूर्त बाजूला राहू द्या.

टोमॅटोच्या एका टनामागे फळ, पान, खोड सगळं मिळून झाड साधारण अडीच ते तीन किलो नत्र, किलोभर स्फुरद आणि चार ते पाच किलो पालाश उचलतं. म्हणजे दहा टनांना पंचवीस-तीस किलो नत्र आणि चाळीस-पन्नास किलो पालाश लागणार.

आता जीवामृत पाहू. २०० लिटरच्या ड्रममध्ये १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. या सगळ्यातलं नत्र एकत्र केलं तर पाव किलोच्या आसपास भरतं. मासळीच्या अमिनोची, म्हणजे मासळी आणि गूळ मुरवून केलेल्या द्रावणाची, फवारणी घ्या. लिटरला ३ मिली, दहा गुंठ्यांना ६० लिटर पाणी, म्हणजे १८० मिली अमिनो. त्यात पाच टक्के नत्र धरलं तरी ते नऊ ग्रॅम झालं. पंचवीस किलोच्या भुकेपुढे नऊ ग्रॅम!

याचा अर्थ जीवामृत किंवा अमिनो कुचकामी आहेत असा नाही. जीवामृत हे विरजण आहे. दूध म्हणजे जमिनीतलं कुजलेलं खत आधी असलं पाहिजे, तरच ते लागतं. आणि फवारणी ही अडलेल्या वेळी, ठरावीक कमतरतेसाठी, थोडक्या मात्रेत द्यायची गोष्ट आहे. बेडमध्ये खत नाही आणि दर चार दिवसांनी पंप पाठीवर, असा प्लॉट हिरवागार दिसतो, पण तिसऱ्या-चौथ्या घोसाला फळ बारीक पडायला लागतं. उत्पादन वाढवायचं असेल तर खर्चाचा आणि कष्टाचा मोठा वाटा बेडमध्ये घाला.

लागवड कधी?

पावसाळी टोमॅटोचा लोंढा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्या गर्दीत पॉलीहाऊसचा माल नेण्यात काही मतलब नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोप लावलं तर नोव्हेंबरमध्ये तोडा सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. भावाची खात्री कुणीच देऊ नये. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने लोकांना लखपती केलं आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आणली.

या वेळापत्रकाचा दुसरा फायदा सेटिंगचा. दिवसा २१ ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान असलं की फळधारणा उत्तम होते. पारा ३५ च्या वर गेला की पराग निकामी होतो, आणि रात्री १० च्या खाली गेला तरी सेटिंग अडखळतं. निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो, म्हणून थंडीआधी निदान चार-पाच घोस धरलेले हवेत.

माती आणि पाणी तपासल्याशिवाय खत विकत घेऊ नका

गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. मालेगाव भागातल्यांना मालेगावचं केंद्र जवळ. माती तपासायला तिथे विचारा किंवा जवळची दुसरी प्रयोगशाळा गाठा, पण मातीबरोबर पाण्याची बाटलीही द्या. बहुतेक जण फक्त माती देतात.

अहवालात दोन आकडे आधी पाहा. पहिला सामू, म्हणजे पीएच. टोमॅटोला साडेसहाच्या आसपासचा सामू मानवतो. आपली काळी जमीन बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असते. ती एका हंगामात बदलत नाही, पण सेंद्रिय खत भरपूर असलं की मुळीभोवती परिस्थिती सुधारते. दुसरा आकडा ईसी, म्हणजे क्षार. पाण्याचा ईसी एकच्या (डेसीसायमन प्रति मीटर) आत असेल तर निर्धास्त राहा. दीडच्या वर असेल तर आधी पाण्याचा विचार करा, खताचा नंतर.

पॉलीहाऊसमध्ये ईसीला इतकं महत्त्व का, हे समजून घ्या. उघड्या रानात पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात. कागदाखाली ते वर्षानुवर्षं साठतात. आणि सेंद्रिय खतात क्षार नसतात हा गैरसमज आहे. कोंबडीखत, गोमूत्र, मळीचं पोटॅश या सगळ्यांत ते असतात. बेडच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, पानांच्या कडा करपल्या, तर "खत कमी पडलं" म्हणून आणखी ओतू नका.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय डोक्यावरच आहे. १,००० चौरस मीटर छतावर ५०० मिमी पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होतं. झाडाला सरासरी दीड लिटर रोज धरलं तरी २,४०० झाडांना पाच महिन्यांत साधारण तेवढंच लागतं. गटर बसवून ते पाणी शेततळ्यात सोडा. बाष्पीभवनात काही जाईल, तरी बोअरच्या जड पाण्यात मिसळायला ते सोन्यासारखं आहे.

बेड भरणं: इथे घाई नको

लागवडीच्या महिनाभर आधी कामाला लागा. बेड ९० सेंमी रुंद, फूट-सव्वा फूट उंच, मध्ये दोन फुटांचा रस्ता. दहा गुंठ्यांना हे भरावं:

- चांगलं कुजलेलं शेणखत ५ टन
- गांडूळखत १ टन
- निंबोळी पेंड २०० किलो
- मळीपासून केलेलं पोटॅश १०० किलो (यात साडेचौदा टक्के पालाश असतं)
- हाडांचा चुरा ४० ते ५० किलो, माती अहवालात स्फुरद कमी असेल तरच

हिशेब जुळतो का बघा. पाच टन शेणखतात पंचवीस किलो नत्र असतं, पण पहिल्या हंगामात त्यातलं तिसरा हिस्साच हाती लागतं, म्हणजे आठ किलो. गांडूळखतातून सहाएक किलो, पेंडीतून सातेक किलो. झाले एकवीस. उरलेलं पुढे स्लरीतून आणि वरखतातून द्यायचं. पालाश शेणखतातून वीस-पंचवीस किलो आणि पोटॅशमधून साडेचौदा. थोडी तूट राहते, ती फळं फुगायच्या वेळी भरून काढू.

शेणखताबद्दल तीन इशारे. कच्चं शेण आलं की हुमणी आली, आणि बंद जागेत त्याचा अमोनिया कोवळ्या रोपांना भाजतो. मूठभर खत हातात दाबून पाहा. वास जंगलातल्या मातीसारखा हवा आणि आत गरम लागता कामा नये. दुसरं, कोंबडीखत टाकायचंच तर वर्षभर मुरलेलं आणि अर्ध्या टनाच्या आत. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ज्या शेतात पिकलोराम, क्लोपायरॅलिडसारखं लवकर न विघटणारं तणनाशक मारलंय तिथला चारा खाल्लेल्या जनावरांचं शेण टोमॅटोला घातक ठरू शकतं, कारण हे पीक त्या औषधाला फार हळवं आहे. ट्रॉली उतरवण्याआधी त्यातलं थोडं खत कुंडीत मातीत मिसळून मूग पेरा. दोन-तीन आठवड्यांत मुगाची पानं सरळ आली तर खत घ्या, पिळवटली तर परत पाठवा. याच कारणाने तणनाशकाचा पंप पॉलीहाऊसच्या दारातही येऊ देऊ नका.

खतं मिसळून झाल्यावर २०० किलो गांडूळखतात ट्रायकोडर्मा, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे आणि पालाश सोडवणारे जिवाणू प्रत्येकी दोन किलो कालवा, ओलसर पोत्याखाली आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग बेडवर पसरा. मातीत वाफसा हवा. कोरड्या मातीत टाकलेले जिवाणू म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

रोप लावल्यावर पहिले वीस दिवस

पॉलीहाऊससाठी उंच वाढत राहणारं वाण घ्या. खुल्या रानातलं बुटकं झुडपी वाण इथे जागा वाया घालवतं. पंचवीस ते तीस दिवसांचं, ठेंगणं, जाड दांड्याचं रोप. एका बेडवर दोन ओळी, दोन रोपांत दीड फूट, एक झाड एक खोड. बगलफूट बोटभर असतानाच खुडायची, तीही सकाळी, म्हणजे जखम दिवसभरात सुकते. गड्यांना तंबाखू चोळलेल्या हाताने झाडाला हात लावू देऊ नका, साबणाने हात धुवायला लावा. मोझॅकचा विषाणू अशा हातांतून पसरतो. हे सांगायला अवघड जातं, पण सांगावं लागतं.

या वीस दिवसांत एकच काम, पांढरी मुळी, म्हणजे अन्न-पाणी उचलणारी नवी बारीक मुळं, चालवणं. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आठवड्याला एकदा जीवामृत ड्रीपमधून, दहा गुंठ्यांना ५० लिटर, म्हणून वर सांगितलेल्या मापाच्या पाव हिश्श्यानेच बनवा. ड्रम सावलीत, दिवसातून दोनदा ढवळायचा, दोन दिवसांनी तयार, आठवड्याच्या आत संपवायचा. दुहेरी कापडातून गाळा, फिल्टर धुवा, आणि शेवटी दहा मिनिटं साधं पाणी सोडा. नाहीतर महिन्याभरात ड्रीपर बुजतील. मुळी चालतेय का हे पाहायला बेडचा कोपरा बोटाने उकरा. पांढऱ्या, केसाळ मुळ्या दिसल्या तर सगळं ठीक. तपकिरी, बोथट टोकं दिसली तर पाणी जास्त झालंय.

पाण्याचा हात इथेच बसवा. एकदम भरपूर देऊन चार दिवस बंद करण्यापेक्षा रोज थोडं. फळाचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं, त्यावर दुकानदार कॅल्शियमची बाटली देतो. पानावर पडलेलं कॅल्शियम फळापर्यंत जवळजवळ पोचत नाही. ते मुळातून पाण्याबरोबरच वर चढतं. ताण आणि ओल यांची आलटापालट बंद केली की बहुतेक प्लॉटमध्ये ही तक्रार निम्म्याहून खाली येते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम सहसा असतंच.

फुलं लागली की

टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्र असतात, फक्त ते हललं पाहिजे. पॉलीहाऊसमध्ये वारा नाही. परदेशात यासाठी हरितगृहात बंबलबी सोडतात, आपल्याकडे ती सोय नाही. एक दिवसाआड सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, दव सुकल्यावर, वरच्या तारेवर काठीने टकटक करत जायचं, बस. कुठल्याही टॉनिकपेक्षा याने सेटिंग जास्त वाढतं आणि खर्च शून्य. भल्या पहाटे करू नका, पराग ओला असतो. बाजूचे पडदे सकाळी लवकर उघडा. आत दमट हवा कोंडून राहिली तर पराग चिकटतो आणि करप्यालाही आमंत्रण मिळतं.

घोसात पाच-सहा फळं ठेवा, टोकाची बारीक काढा. हात चालत नाही हे खरं, पण क्रेटमध्ये एकसारखा माल त्यामुळेच दिसतो.

पहिला घोस सुपारीएवढा झाला की स्लरी सुरू करा. २०० लिटर पाण्यात १० किलो निंबोळी किंवा एरंडी पेंड, २० किलो ताजं शेण, दोन किलो गूळ. चार-पाच दिवस मुरवून, गाळून, दहा दिवसांतून एकदा. तिसऱ्या घोसापासून त्यात ५ किलो मळीचं पोटॅश घाला, पण एकदा ईसी मोजून. शिवाय दीड महिन्याने बेडवर मल्चिंगचा कागद अंथरला असेल तर तो उचलून प्रत्येक झाडाला ओंजळभर गांडूळखत आणि मूठभर पेंड द्या.

खत बरोबर चाललंय का हे खोड सांगतं. शेंड्यापासून वीतभर खाली खोड पेन्सिलीपेक्षा थोडं जाड असावं. त्याहून बरंच जाड, पानं गडद आणि गुंडाळलेली, फुलाच्या दांड्यातूनच पानं निघतायत, म्हणजे झाड माजलंय, नत्र थांबवा. बारीक आणि शेंडा फिका असेल तर भूक आहे.

आता फवारणी

पानावर द्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत.

समुद्री शेवाळाचा अर्क, लिटरला २ मिली. लागवडीनंतर पंधरा दिवसांनी एकदा, पहिली कळी दिसल्यावर एकदा आणि कडाक्याची थंडी किंवा मार्चमधली उष्णता येण्याआधी एकदा. ताण सोसायला याचा उपयोग होतो.

मासळी अमिनो, लिटरला २ ते ३ मिली, फक्त वाढीच्या काळात, दोन वेळा. घरी करायचं तर मासळी बाजारातलं टाकाऊ आणि गूळ समान वजनाने, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये तिसरा हिस्सा मोकळा ठेवून, महिनाभर सावलीत. झाकण अधूनमधून सैल करून वायू जाऊ द्या. मांजरांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करा.

वर्मीवॉश, म्हणजे गांडुळांच्या बेडमधून झिरपलेलं पाणी, एकास दहा पाणी. स्वस्त, सुरक्षित, केव्हाही.

मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम. खालची पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं की दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. पालाश जास्त झालं की हे हमखास दिसतं. नवीन शेंड्यात तसंच पिवळं दिसलं तर ती लोहाची कमतरता, चुनखडीत नेहमीची.

बोरॉन २० टक्के, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. पहिल्या कळीला एकदा, पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, आणि मग थांबा. बोरॉन कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं आहे. सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ही दोन्ही खनिजं वापरण्याआधी प्रमाणन संस्थेला विचारा.

जानेवारीत पानांची खालची बाजू जांभळी झाली की लोक स्फुरद फवारायला धावतात. जमीन थंड झाल्यामुळे मुळी स्फुरद उचलत नाही, एवढंच कारण असतं. रात्रीचे पडदे लवकर पाडा, पाणी सकाळी उशिरा द्या, आठ-दहा दिवस थांबा.

जीवामृत, गोमूत्र यांची फवारणी फळ लागेपर्यंतच. नंतर ती फक्त मुळाशी. लोक टोमॅटो कच्चा खातात; तोड्यावर आलेल्या फळावर शेणाचं पाणी मारू नये, मग ते कितीही सेंद्रिय असो.

मारायची पद्धतही सांगतो. थंडीत सकाळी ऊन आल्यावर, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात, उन्हाळ्यात साडेचारनंतर. आतलं तापमान तीसच्या वर असेल तर पंप खाली ठेवा. नोझल बारीक, दाब बेताचा, आणि धार पानाच्या खालच्या बाजूला, कारण पानाची छिद्रं तिथे जास्त असतात. मोठ्या झाडांना दहा गुंठ्यांसाठी ६० ते ८० लिटर पुरतं. पानावरून पाणी टपकायला लागलं म्हणजे जास्त झालं. दोन गोष्टी एकत्र करायच्या तर आधी काचेच्या बाटलीत मिसळून अर्धा तास पाहा. आणि द्राक्षपट्ट्यातल्यांनी हे लिहून ठेवावं: गंधक मारल्यावर दोन आठवडे निंबोळी तेल मारायचं नाही, पानं जळतात. ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा यांचीही सांगड घालू नका.

एक बेड मुद्दाम न फवारता ठेवा. बाकी खतपाणी तेच. दोन्हीकडच्या तोड्याचं वजन वेगळं लिहा. दुकानदार, सल्लागार आणि मी, कुणाच्याही म्हणण्यापेक्षा हा बेड खरं सांगतो.

किडी, थोडक्यात

पांढरी माशी आत येऊच नये म्हणून ५० मेशची जाळी आणि दुहेरी दार. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर, झाड वाढेल तसे वर सरकवत. २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टुटा नागअळी पान पोखरते आणि फळातही शिरते. तिच्यासाठी कामगंध सापळे आणि पोखरलेली पानं गोळा करून बंद पिशवीत. निंबोळी अर्क पाच टक्के, आठवड्याला एकदा, कीड दिसायच्या आधीपासून. मार्चनंतर लाल कोळी बघा, पानामागे भिंग लावून.

पीक संपल्यावर

एप्रिल-मेमध्ये झाडं काढताना मुळं उपटून एकेक पाहा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत, आणि पॉलीहाऊसमध्ये एकाच जागी टोमॅटो, मिरची करत राहिलं की ते येतातच. ती मुळं बांधावर टाकू नका, जाळा. मग बेडला भरपूर पाणी देऊन साठलेले क्षार खाली घालवा, वाफसा आला की पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने घट्ट दाबा, आणि नाशिकच्या मेमधलं ऊन चार ते सहा आठवडे त्यावर पडू द्या. या उन्हात चांगले जिवाणूही मरतात, म्हणून प्लॅस्टिक काढल्यावर ट्रायकोडर्मा आणि गांडूळखत पुन्हा द्यायचं. जूनमध्ये ताग पेरा, फुलावर येण्याआधी, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गाडा. सप्टेंबरच्या लागवडीआधी तो कुजायला महिना मिळतो. गाठी फार असतील तर त्या वर्षी टोमॅटो सोडून झेंडू घ्या, किंवा सूत्रकृमीला दाद न देणाऱ्या खुंटावर कलम केलेली रोपं मागवा. ती महाग पडतात, पण दोन महिने आधी नोंदवली तर मिळतात.